कप्तानबाईंवर बहिष्कार

कप्तान आता बाई होणार, ही बातमी अध्यक्षांच्या कानावर पडली तेव्हा ते पायात मोजे चढवत होते. डावा चढला होता. उजवा तसाच हातात राहिला आणि पुढे कचेरीत गेल्यावर तो रुमालाऐवजी खिशातून बाहेर आला, तोही नेमका मोठ्या साहेबांसमोर. पण ज्या माणसाचं अख्खं विश्व सकाळी सकाळी उलथंपालथं झालं, त्याने मोज्याचं काय घेऊन बसायचं?

अध्यक्ष म्हणजे कुठल्या बँकेचे किंवा पक्षाचे अध्यक्ष नव्हेत. पोटासाठी ते शहराच्या पाणीखात्यात तक्रार विभागाचे हेडक्लार्क होते. लोक येत, पाणी येत नाही म्हणून ओरडत, आणि अध्यक्ष त्यांना शांतपणे सांगत, 'आपल्या तक्रारीची योग्य ती दखल घेण्यात आली आहे.' या एका वाक्यावर त्यांनी सारी नोकरी काढली. पण माणूस भाकरीवर जगतो आणि मानावर मोठा होतो. अध्यक्षांचा मान होता 'कप्तानप्रेमी मंडळा'त. तिथे ते अध्यक्ष होते, आणि दुसरं कोणी त्या पदाला उभंच राहत नसल्यामुळे कायमचे अध्यक्ष होते. हळूहळू शेजारीपाजारी, कचेरीतले शिपाई, सगळेच त्यांना अध्यक्ष म्हणू लागले. बायको मात्र फक्त रागावली की म्हणायची. म्हणजे तीही बऱ्याचदा म्हणायची.

आता हा कप्तान कोण, ते सांगायला हवं. 'गस्त' नावाची एक मालिका अध्यक्षांच्या शाळकरी वयापासून दर शनिवारी संध्याकाळी लागत आली आहे. तिच्यातला कप्तान एका जुनाट यानातून अंतराळात गस्त घालतो. जिथे कोणी कोणाला छळत असेल तिथे उतरतो, बंदूक न काढता केवळ डोकं चालवून भांडण मिटवतो आणि चहासुद्धा न घेता निघून जातो. मधूनमधून तो मरणाच्या दारात पोचतो. मग यान त्याला शीतपेटीत घालतं, पेटीतून वाफ निघते, झाकण उघडतं आणि कप्तान नव्या चेहऱ्याने बाहेर येतो. हा प्रसंग नटाने पगारवाढ मागितली की हमखास येत असे, पण तो योगायोग आहे असं मंडळाचं मत होतं.

या पेटीतून आजवर काय काय बाहेर आलं नव्हतं! पहिला कप्तान काडीसारखा, तर दुसरा टकला आणि अंगाने दुप्पट. तिसऱ्याला भरघोस मिशी. चौथा आत गेला तिशीचा आणि बाहेर आला साठीचा. दरवेळी मंडळाने बैठक घेऊन त्याचं शास्त्रीय कारण शोधलं होतं. एकदा तर नटांच्या संपामुळे पेटीतून कप्तानाऐवजी नुसता पत्र्याचा डबा निघाला, त्यावर एक लाल दिवा, आणि आतून आवाज. कित्येक भाग तो डबाच कप्तान होता. मंडळाने डब्यालाही सलामी दिली होती. अध्यक्षांनी त्यावर एक निबंध लिहिला होता, 'देहाच्या पलीकडचा कप्तान'. तो मंडळाच्या अंकात छापून आला तेव्हा वाचणाऱ्यांचे डोळे पाणावले होते, निदान अध्यक्षांचे तरी.

"बाई कशी चालेल?" अध्यक्ष त्या सकाळी एक मोजा घालून घरभर फिरत म्हणाले. "शास्त्रात बसतच नाही. पेटी चेहरा बदलते. बाकी काही बदलत नाही."

त्यांची मुलगी कॉलेजला निघाली होती. तिने बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं, "बाबा, डबा चालला होता ना?"

"डब्याची गोष्ट वेगळी. डब्यात आत्मा तोच होता."

"म्हणजे डबा चालतो, बाई नाही चालत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नोंद करून घ्यावी तशी ती म्हणाली आणि गेली. अध्यक्षांना उत्तर सुचलं, पण तोवर ती जिना उतरून गेली होती, आणि खरं सांगायचं तर सुचलेलं उत्तरही काही फारसं बरं नव्हतं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मुलगी कॉलेजात गेल्यापासून घरात भाड्याने राहिल्यासारखी वागत होती. येणं, जेवणं, खोलीचं दार लावणं. अपवाद फक्त शनिवारच्या त्या एका तासाचा. ती एवढीशी होती तेव्हापासून दोघं बापलेक एकाच सोफ्यावर बसून 'गस्त' बघत आले होते. आठवड्यातून तेवढा एकच तास आपण लेकीशी बोलतो, हे अध्यक्षांना पक्कं ठाऊक होतं. त्या तासावर त्यांचा फार जीव होता. बायकोला एकदा ते म्हणालेसुद्धा होते, की बाकी सगळं गेलं तरी चालेल, आमचा शनिवार तेवढा राहू दे. आणि माणूस ज्याला जपायचं म्हणतो त्यावरच नेमका पाय ठेवून चालायला लागतो, त्याचा हा वृत्तान्त.

अध्यक्षांना खरं तर फक्त एक निषेधाचं पत्र पाठवायचं होतं. पण मंडळाची तातडीची बैठक भरली आणि एकट्याचं पत्र हा मंडळाचा ठराव झाला. गणिताचे मास्तर मंडळाचे चिटणीस होते. त्यांचं म्हणणं असं की कप्तान या पदाची एक प्रतिष्ठा आहे. मंडळाचा शिंपी सगळ्यांचे निळे, रुंद कॉलरचे कप्तानी कोट शिवायचा. त्याचं म्हणणं असं की छातीचं माप बदललं की कोटाची रेघ जाते. खजिनदाराचं स्वतःचं म्हणणं काही नव्हतं, पण त्याने दोघांनाही अनुमोदन दिलं. पत्र गेलं. वाहिनीकडून उत्तर आलं, छापील, एका ओळीचं. आपल्या तक्रारीची योग्य ती दखल घेण्यात आली आहे.

हे वाक्य वाचून अध्यक्षांच्या पायाखालची जमीन सरकली. या वाक्याचा अर्थ साऱ्या शहरात त्यांच्याइतका कोणालाच कळत नव्हता.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर राहत. आयुष्यभर दुसऱ्यांचे पत्ते वाचल्यामुळे असेल, पण कोणी कुठे जावं हे त्यांना लगेच कळे. ते म्हणाले, "पत्राने काय होतंय? रस्त्यावर उतरा. पण परवानगी काढून उतरा. नाहीतर आत टाकतील, आणि मग वहिनींना डबा घेऊन चौकीवर यावं लागेल." डबा हा शब्द ऐकून अध्यक्षांनी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी मात्र ते गणिताच्या मास्तरांना घेऊन पोलीस चौकीवर हजर झाले.

चौकीवरचे साहेब झोपाळलेले पण सभ्य होते. त्यांनी कागद पुढे ओढला. "कोण हरवलंय?"

"हरवलं नाही कोणी. कप्तान बदललाय," अध्यक्ष म्हणाले.

"कुठल्या बोटीवरचा?"

"अंतराळयानावरचा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि दोघांच्या तोंडाजवळची हवा हळूच हुंगली. तिथे काही सापडलं नाही तेव्हा त्यांना जास्तच काळजी वाटली. "बरं. तुमचं नेमकं नुकसान काय झालं?"

मास्तर पुढे सरसावले. "साहेब, आमचं बालपण नासवलं."

"कधीचं बालपण?"

मास्तरांनी अंदाजे काळ सांगितला.

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"बालपण तेव्हाचं. नासवलं आत्ता."

"म्हणजे माल जुना, नुकसान ताजं," साहेब विचार करून म्हणाले. "असं कलम नाही हो आमच्याकडे."

शेवटी बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर परवानगी मिळाली, ती अशी की घोषणा द्यायच्या नाहीत, फलक आणायचे नाहीत, चालायचं नाही, आणि फुटपाथ अडेल असा घोळका करायचा नाही. थोडक्यात, एकामागे एक, गप्प उभं राहायचं. अध्यक्षांना ही कल्पना उलट भारदस्त वाटली. मूक निषेध. निळे कोट. इतिहासात अशा गोष्टी झालेल्या आहेत.

त्याप्रमाणे रविवारी सकाळी मंडळ बाजाराच्या कोपऱ्यावर एकामागे एक गप्प उभं राहिलं. पाचच मिनिटांत त्यांच्या मागे पिशवी घेतलेल्या एक आजी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे एक जोडपं आलं, मग एक रिक्षावाला, मग त्याच्या ओळखीचे सगळे. ओळ दिसली की लोकांना धीर धरवत नाही. काय मिळतंय ते पुढे गेल्यावर कळेलच, आधी नंबर तर लावू, असा सगळ्यांचा सूज्ञ विचार. ओळ वळण घेऊन पार दवाखान्यापर्यंत गेली तेव्हा मास्तरांनी अध्यक्षांच्या कानात सांगितलं, "प्रचंड पाठिंबा आहे." अध्यक्षांचा ऊर भरून आला. एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अहो निळे कोट, खिडकी कधी उघडणार?"

मौन असल्यामुळे अध्यक्षांना खुलासा करता येईना. ते नुसते गंभीर राहिले. गंभीर माणूस पाहून लोकांचा संशय वाढला की आतल्या आत माल संपवतायत. रेटारेटी सुरू झाली, शिंप्याच्या कोटाची बाही निसटली, आणि तेवढ्यात पिशवीवाल्या आजींनी अध्यक्षांना नीट निरखून पाहिलं. "अगंबाई, हे तर पाण्याच्या कचेरीतले," त्या म्हणाल्या. "काय रे बाबा, आमच्या नळाला महिना झाला थेंब नाही, नि तू इथे रंगीत कोट घालून उभा?"

मग ती अख्खी ओळ पाण्याची तक्रार घेऊन पुढे सरकली. ज्यांच्याकडे तक्रार नव्हती त्यांनी, नंबर लावलाच आहे तर, ती शोधून काढली. कप्तानाच्या प्रतिष्ठेसाठी उभे राहिलेले अध्यक्ष सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत कोणाचा नळ गळतो आणि कोणाचा गळतसुद्धा नाही ते ऐकत होते. आपलं ते सुप्रसिद्ध वाक्य त्यांनी एकदाच म्हणून पाहिलं. आजींनी पिशवी उगारली.

या अपमानाने अध्यक्ष पेटले. इथवर निदान मागे फिरता आलं असतं. पण दुखावलेला माणूस प्रतिज्ञा करतो, आणि प्रतिज्ञा करताना त्याला भान राहत नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी हात उंच करून जाहीर केलं, "नव्या कप्तानाचा पहिला भाग लागेल त्या शनिवारी संध्याकाळी माझ्या घरात टीव्हीचा संच लागणार नाही. मी, माझी पत्नी आणि माझी मुलगी, आमच्यापैकी कोणीही तो भाग बघणार नाही." टाळ्या पडल्या. पाठोपाठ प्रत्येकाने आपापल्या बायकामुलांच्या वतीने शब्द देऊन टाकला. तिथे हजर नसलेल्या इतक्या माणसांचा त्याग मंडळाने यापूर्वी कधी केला नव्हता.

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "तुमचा शब्द, तुमचं घर. मी शनिवारी ताईकडे जाऊन बघणार. तिथे संच मोठा आहे आणि अध्यक्ष नाही."

मुलीने एकदा सोफ्याकडे बघितलं, मान हलवली आणि खोलीचं दार लावून घेतलं. अध्यक्षांना ते दार नेहमीपेक्षा जरा जास्त नीट लागल्यासारखं वाटलं. पण आता माघार घ्यायची तर मंडळात तोंड कुठे दाखवायचं?

तो शनिवार उजाडला तसे अध्यक्ष कासावीस झाले. इतक्या वर्षांत त्यांचा एकही भाग चुकला नव्हता. लग्नाच्या दिवशीसुद्धा ते पंक्तीतून उठून शेजारच्या घरी गेले होते, ही गोष्ट सासरची माणसं अजून काढतात. बाई कप्तान वाईटच दिसणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पण किती वाईट दिसते ते बघायला नको? शत्रूची ताकद कळल्याशिवाय लढाई कशी करणार? असा सगळा सात्त्विक विचार करत असताना त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आठवला. शनिवारी संध्याकाळी उघडा. बसायच्या खोलीत भिंतीवर संच. तो कायम चालूच. दाताच्या दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या नजरेसमोर काय लागलं होतं याची जबाबदारी त्या माणसावर येत नाही.

"माझी दाढ दुखतेय," मालिकेची वेळ व्हायच्या जरा आधी त्यांनी लेकीला सांगितलं.

"आत्ताच?"

"दाढ काय वेळ विचारून दुखते?" असं म्हणून गालावर हात ठेवून ते बाहेर पडले. ती सोफ्याच्या आपल्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. त्यांचा कोपरा रिकामा होता. तो बघायचं त्यांनी टाळलं.

दवाखान्यात शिरताच त्यांना गालावर हात ठेवलेले मास्तर दिसले. मास्तरांच्या शेजारी गालावर हात ठेवलेला शिंपी. कोपऱ्यात खजिनदार, दोन्ही गालांवर दोन हात.

"काय, दाढ?" अध्यक्षांनी विचारलं.

"दाढ," मास्तर म्हणाले. "तुमचीही?"

"भयंकर."

"हवाच तशी आहे," शिंपी म्हणाला. यावर सर्वांचं एकमत झालं आणि चौघेही भिंतीवरच्या संचाकडे पाठ करून बसता येईल अशा खुर्च्या शोधू लागले. पण खुर्च्या सगळ्या एकाच बाजूला तोंड करून मांडलेल्या होत्या. त्याला कोण काय करणार?

'गस्त'चं संगीत सुरू झालं आणि चौघांच्या वेदना बघता बघता कमी झाल्या. पेटी दिसली. वाफ निघू लागली. मास्तर पुढे वाकले. शिंप्याने चष्मा पुसला. झाकण हललं, झाकणाच्या फटीतून एक हात बाहेर आला, आणि टेबलामागच्या बाईंनी पुकारा केला, "पुढचा पेशंट."

कोणी हललं नाही.

"मास्तर, तुम्ही आधी आलात," अध्यक्ष संचावरची नजर न काढता म्हणाले.

"छे, तुमचा मान मोठा. तुम्ही जा."

"शिंप्याला जाऊ दे. त्याला फार होतंय."

"मला सोसतं," शिंपी घाईघाईने म्हणाला. "खजिनदारांच्या दोन दुखतायत."

खजिनदाराने पहिल्यांदाच कोणाला अनुमोदन दिलं नाही.

"इथे पेशंटनेच बसायचं," टेबलामागच्या बाई उठल्या. "दुखत नसेल त्याने बाहेर जावं. मी आता संच बंद करते आणि बघते कोणाचं दुखतंय ते."

संच बंद होणार म्हटल्यावर तिघांच्याही नजरा अध्यक्षांकडे वळल्या. त्या नजरांत विनंती होती, आदर होता, आणि आतापर्यंत कुठल्याही ठरावाला मिळाली नव्हती एवढी एकजूट होती. नेत्याला अशा वेळी पुढे व्हावंच लागतं. अध्यक्ष उठले. दार बंद होताना त्यांना झाकण पूर्ण उघडल्याचा आवाज ऐकू आला, नुसता आवाज.

"तोंड उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून मोठं. सभेत उघडता तेवढं."

अध्यक्षांनी चमकून पाहिलं.

"मी ओळखते तुम्हाला. कॉलेजात असताना तुमच्या मंडळात यायचं होतं मला. तुम्ही कळवलंत, महिला विभाग विचाराधीन आहे." त्यांनी आरसा आत घातला. "अजून विचाराधीनच आहे का?"

अध्यक्षांनी या प्रश्नाला सविस्तर उत्तर दिलं. पण तोंडात आरसा, एक नळी आणि दोन बोटं असल्यामुळे त्याचा 'आ' एवढाच भाग बाहेर पडला.

"असं होय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणती दुखते?"

अध्यक्षांनी हाताला येईल त्या दिशेला बोट केलं. मग फोटो काढला गेला, तो उजेडासमोर धरला गेला, आणि बाई खूश झाल्या. "बरं झालं आलात. अक्कलदाढ आहे. आडवी आलीये आणि आतून पार किडलीये. तसा तुम्हाला तिचा काही उपयोग नाही. काढून टाकते."

अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. पण उठून सांगणार काय? की बाई, माझी दाढ दुखतच नव्हती, मी मालिका बघायला आलो होतो? बाहेर मंडळ बसलेलं. ते पुन्हा आडवे झाले. शब्दासाठी लोकांनी प्राण दिलेले आहेत, त्या मानाने दाढ म्हणजे काहीच नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सुई टोचल्यावर मात्र त्यांचा इतिहासावरचा विश्वास उडाला. भिंतीपलीकडे कप्तानबाई काहीतरी बोलल्या आणि मंडळ खो खो हसलं. ते हसू अध्यक्षांना सांडशीपेक्षा जास्त लागलं. पुढे एका ठिकाणी शिंपी स्पष्टपणे नाक ओढत रडला.

ते बाहेर आले तेव्हा संचावर श्रेयनामावली चालू होती. तिघांचे डोळे लाल होते. "आमचं थांबलं दुखायचं," मास्तर कोणाकडेच न बघता म्हणाले आणि तिघेही एका दारातून एकदम बाहेर पडायचा प्रयत्न करत निघून गेले.

अध्यक्ष तोंडात कापसाचा बोळा आणि गालाला बर्फ लावून घरी आले. घर शांत होतं. संच बंद होता. मुलगी त्याच कोपऱ्यात, त्याच पुस्तकासकट बसली होती. तिने त्यांचा गाल पाहिला आणि पटकन उठली. "म्हणजे खरंच दुखत होती?"

त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी संचाकडे बोट केलं आणि तिच्याकडे बघितलं. तू का नाही बघितलास?

"आई म्हणत होती चल ताईमावशीकडे. नाही गेले." तिने बर्फ बदलून दिला. "तुम्ही शब्द दिला होता ना, माझ्या नावानेसुद्धा. मला विचारलं नव्हतंत. पण दिला होता." मग ती म्हणाली, "मास्तरकाकांचा फोन आला होता, संच बंद आहे ना म्हणून तपासायला. मागे 'गस्त'चं संगीत वाजत होतं. मी म्हटलं, आमच्याकडे बंद आहे, तुमच्याकडे जरा आवाज कमी करा."

अध्यक्षांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा शब्द त्यांच्यापेक्षा लेकीने नीट सांभाळला होता, आणि ते स्वतः तो मोडायला एक दाढ देऊन आले होते. हे सगळं तिला सांगून टाकावं असं फार वाटलं. तोंडातून नुसता फुसका आवाज आला.

"बोलू नका," ती म्हणाली.

सकाळी तोच भाग पुन्हा लागणार होता. बायको ताईकडून परत येताना जणू स्वतःच कप्तान होऊन आली होती. सकाळ होताच तिने संच लावला. "प्रतिज्ञा शनिवार संध्याकाळची होती," मुलगी म्हणाली. "आज रविवार सकाळ आहे." मंडळात एवढा कसलेला युक्तिवाद कोणी केला नव्हता. अध्यक्षांचा गाल आता चांगलाच टरारला होता आणि जबडा उघडत नव्हता. ते मुकाट्याने आपल्या कोपऱ्यात बसले.

पेटी दिसली, वाफ निघाली, झाकण उघडलं. नव्या कप्तानबाई बाहेर आल्या, त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आपल्याच यानाच्या आतल्या दारावर टकटक केलं.

"बघितलंत?" मुलगी म्हणाली. "टकला कप्तान जुन्या भागांत असंच करायचा. स्वतःच्याच दारावर टकटक. नंतर कोणीच केलं नाही. मला वाटतं, आत कोणीतरी वाट बघत असेल असं वाटून घ्यायचा तो."

अध्यक्षांना हे ठाऊक नव्हतं. टकल्या कप्तानाचे सगळे भाग त्यांना तोंडपाठ होते आणि हे ठाऊक नव्हतं. ते तोंड उघडायला गेले, दुखलं, मिटलं.

मग मुलगी बोलतच राहिली. उजवी खुर्ची कप्तान कायम रिकामी का ठेवतो. डबा बोलायचा तेव्हा लाल दिवा कुठल्या शब्दांना थरथरायचा. "लहान असताना मला वाटायचं, आपणही त्या पेटीत झोपलो तर कप्तान होऊन उठू," ती संचाकडे बघत म्हणाली. "तुम्हाला विचारलंही होतं. तुम्ही म्हणालात, मुलींची पेटी वेगळी असते. मग मी बरेच दिवस त्या दुसऱ्या पेटीचा भाग कधी लागतो त्याची वाट बघत होते."

बायकोने वळून अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांना असं काही बोलल्याचं आठवत नव्हतं. पण त्या सोफ्यावर बसून आपण काय काय बोललो असू, ते ते आठवू लागले. यानाचं इंजिन, पेटीचा सिद्धांत, मंडळाचं राजकारण. दर शनिवारी तासभर आपण लेकीशी बोलतो, असं ते म्हणत आले होते, आणि ते अक्षरशः खरं होतं. आपण बोलत होतो. तिचा आवाज इतका वेळ सलग त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला.

मंडळाची बैठक आठवड्याच्या मध्यात झाली. बहिष्कार संपूर्ण यशस्वी झाला, एकाही सदस्याने भाग पाहिला नाही, असं मास्तरांनी जाहीर केलं. त्यानंतर त्या भागावर सखोल चर्चा झाली. टकटक करण्याचा प्रसंग उत्तम होता, पण कोटाची बाही आखूड वाटली, असं शिंपी म्हणाला. कोणी विचारलं नाही की तुला काय माहीत. शेवटी असा ठराव झाला की विरोध करायचा तर अभ्यास हवा, म्हणून यापुढे प्रत्येक सदस्याने प्रत्येक भाग निषेध म्हणून काळजीपूर्वक बघावा. अध्यक्षांनी महिला विभागाचा विषय काढला. वेळेअभावी तो विचाराधीन ठेवण्यात आला. ते ऐकून अध्यक्षांनी डॉक्टरीणबाईंचं नाव आणि आपल्या मुलीचं नाव मोठ्याने उच्चारलं, आणि दोघींना सदस्य करत नाहीत तोवर मी या खुर्चीत बसणार नाही असं सांगून ते उठून उभे राहिले. बैठक संपेपर्यंत ते उभेच होते. कोणी बसा म्हटलं नाही. मास्तरांनी खुर्ची हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी अध्यक्षांचा गाल उतरला होता. सकाळीच त्यांनी कडक टोस्ट कडाकडा चावून खाल्ला होता आणि कचेरीत दोन माणसांवर मनसोक्त ओरडून आले होते. संगीत सुरू झालं. मुलगी पाय वर घेऊन सोफ्याच्या आपल्या कोपऱ्यात येऊन बसली. पडद्यावर यान एका धुरकट ग्रहावर उतरत होतं, आणि ते इंजिन बंद करून का उतरतं याचं कारण अध्यक्षांच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"बाबा, अजून दुखतंय का हो?" तिने विचारलं.

अध्यक्षांनी गालावर हात ठेवला, चेहरा पाडला आणि जोरजोरात मान डोलावली.